मोटरहोममध्ये वीज पुरवून कशी वापरायची आणि ऊब कुठून आणायची

मोटरहोम (आत राहायची सोय असलेली गाडी) घेतल्यावरच्या पहिल्याच थंड रात्री साडेअकरा वाजता मी पायात चपला, अंगावर शाल आणि दातांत टॉर्च धरून कॅम्पसाइटवर गाड्यांना वीज देणाऱ्या खांबापाशी उभा होतो. आत हीटर चालू होता, मी चहासाठी केटल लावली, आणि खट्‌ आवाज होऊन सगळीकडे अंधार. बाहेर जाऊन एमसीबी (जास्त वीज ओढली की आपोआप पडणारा खटका) वर केला, आत येऊन पांघरूण घेतलं, पाच मिनिटांत पुन्हा खट्‌. केटल तर मी केव्हाच बंद केली होती! तिसऱ्या फेरीला लक्षात आलं की गरम पाण्याचा बॉयलर 'ऑटो'वर होता आणि वीज आली रे आली की तो स्वतःहून चालू होत होता.

त्यानंतर बरेच हिवाळे गाडीत काढले. इथे लिहिलेलं बहुतेक सगळं मी आधी चुकलो आणि मग शिकलो, असं आहे. तुम्ही नव्यानं मोटरहोम, कॅरॅव्हॅन किंवा कॅम्पर व्हॅन घेतली असेल, तर निदान खांबापर्यंतच्या त्या फेऱ्या तरी वाचतील.

१. आधी दोन आकडे वेगळे करा: तोटी आणि टाकी

विजेचे दोन आकडे असतात आणि नवखा माणूस त्यांची हमखास गल्लत करतो. या क्षणाला किती वीज ओढली जातेय, तो एक. तो वॅटमध्ये किंवा अँपिअरमध्ये मोजतात. एकूण किती खर्च झाली, तो दुसरा. तो वॅट-तासांत मोजतात. १००० वॅट-तास म्हणजे बिलावर दिसतं ते १ युनिट. पहिला आकडा म्हणजे नळाची तोटी केवढी, दुसरा म्हणजे टाकीत पाणी किती.

केटलचंच घ्या. १ लिटर पाणी १५ अंशांपासून उकळीपर्यंत न्यायला साधारण ०.१ युनिट लागतं. २००० वॅटची केटल ते काम साडेतीन मिनिटांत करते, १००० वॅटची सात मिनिटं घेते. खर्च तेवढाच. पण मोठ्या केटलला तोटी दुप्पट मोठी लागते. गाडीसाठी मी मुद्दाम कमी वॅटची केटल घेतली, आणि तेव्हापासून चहापायी अंधार झालेला नाही.

खांबावरून वीज घेतलेली असते तेव्हा अडचण तोटीची असते: टाकी अथांग, पण एका वेळी किती ओढायचं याला मर्यादा. गाडी रानात उभी असते आणि सगळं बॅटरीवर चालतं तेव्हा अडचण टाकीची. या दोन परिस्थितींत सवयीसुद्धा दोन वेगळ्या लागतात. पुढचं सगळं याच फरकावर उभं आहे, त्यामुळे हा भाग डोक्यात बसला नसेल तर पुन्हा वाचा, मग पुढे या.

२. आपली तोटी केवढी आहे ते शोधा

व्होल्ट गुणिले अँपिअर बरोबर वॅट. एवढंच गणित लागतं.

२३० व्होल्टच्या देशांत कॅम्पसाइटच्या खांबावर बहुधा निळा गोल प्लग असतो आणि त्यामागे १६, १० किंवा ६ अँपिअरचा एमसीबी. म्हणजे अनुक्रमे ३६८०, २३०० आणि १३८० वॅट. १२० व्होल्टच्या देशांत ३० अँपिअरचा पॉइंट ३६०० वॅट देतो. ५० अँपिअरच्या पॉइंटवर ५० अँपिअरच्या दोन स्वतंत्र लाइनी असतात, म्हणून तो एकूण १२,००० वॅट देतो. नावावरून तो ३०च्या जेमतेम पावणेदोनपट वाटतो, पण प्रत्यक्षात तिपटीहून मोठा आहे.

गाडीचा प्लग मोठा आणि खांबावरचा पॉइंट लहान असला तर अडॅप्टर लावता येतो, पण अडॅप्टरनं वीज वाढत नाही. १२० व्होल्टच्या देशातली ३० अँपिअरची गाडी अडॅप्टर लावून घराच्या १५ अँपिअरच्या पॉइंटला जोडली की तुमच्याकडे १८०० वॅटच उरतात. एक हीटर लावला की संपलं.

मिळते तेवढी सगळी वीज ओढायचीही नसते. तासन्‌तास चालणारा लोड, आणि हीटर म्हणजे नेमका तसाच लोड, मर्यादेच्या ८० टक्क्यांत ठेवावा. ३० अँपिअरवर २४, १६ अँपिअरवर १३. एमसीबी आहे, तो पडेल की वेळेवर, असं म्हणून स्वस्थ बसू नका. घरगुती प्रकारचा १६ अँपिअरचा एमसीबी १८ अँपिअर तासभर बिनबोभाट सोसतो, तो तसाच बनवलेला असतो. त्या तासात तापत राहतात तुमचे प्लग, पिना आणि जोड.

३. प्रत्येक उपकरण काय ओढतं ते मोजा

प्लग आणि सॉकेटच्या मध्ये लावायचा एक छोटा वॅट-मीटर मिळतो. एका संध्याकाळी तो घेऊन बसा, गाडीतलं एकेक उपकरण त्यावर लावा आणि आकडे कागदावर उतरवा. माझ्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला कागद साधारण असा आहे:

- ब्लोअर किंवा ऑइल हीटर: खटका खाली ७५० ते १०००, वर १५०० ते २०००
- गरम पाण्याच्या बॉयलरची कॉइल: ८०० ते १४००
- मायक्रोवेव्ह: ११०० ते १३००
- हेअर ड्रायर: १२०० ते १८००
- छतावरचा एसी: चालताना १२०० ते १६००
- गॅस-विजेवर चालणारा फ्रिज, विजेवर असताना: १५० ते ३५०
- लॅपटॉप: ५० ते ९०
- एलईडी दिवा: २ ते ५

यादी नीट पाहिली की एक गोष्ट उघड होते. जे काही गरम करतं ते खातं. दिवे, पंखा, फोन, लॅपटॉप यांचा हिशेब खांबावर असताना ठेवायचं कारणच नाही. नवे लोक दिवे विझवत फिरतात आणि हीटर फुल ठेवतात. मीही तेच करायचो.

मायक्रोवेव्हवर मोठ्या अक्षरांत छापलेला '८०० वॅट' हा अन्नाला मिळणाऱ्या उष्णतेचा आकडा आहे, सॉकेटमधून तो त्याच्या दीडपट ओढतो. एसीचं दुखणं निराळं. कॉम्प्रेसर सुरू होताना क्षणभर नेहमीच्या तिप्पट किंवा त्याहूनही जास्त करंट मागतो. एरवी सुरळीत चालणारा लोड एसी लागताक्षणी कोसळतो तो यामुळे. जनरेटर लहान असेल तर एसीला सॉफ्ट स्टार्टर (सुरू होतानाचा तो झटका सौम्य करणारं यंत्र) बसवून घ्या.

४. छुपे लोड पकडा

माझा बॉयलर हा त्यातला पहिला. फ्रिज दुसरा: 'ऑटो'वर असेल तर खांबाची वीज मिळताच तो गॅस सोडून विजेवर येतो. तिसरा सगळ्यांत बेमालूम, तो म्हणजे बॅटरीचा चार्जर. बॅटरी पूर्ण उतरलेली असताना खांबाला जोडलात, तर चार्जर पहिले काही तास ५००-८०० वॅट गुपचूप घेत बसतो. त्याचा दिवा कुठेतरी बाकाखाली मिणमिणत असतो, कोण बघतंय? पोचल्या रात्री एमसीबी पडतो आणि दुसऱ्या दिवशी तेवढ्याच वापरावर पडत नाही, या कोड्याचं उत्तर बहुधा हेच असतं.

एक उलटा सापळाही आहे. इन्व्हर्टर (बॅटरीच्या विजेपासून सॉकेटची वीज बनवणारी पेटी) चालू करून गाडीतल्या सगळ्या सॉकेटांना वीज दिली आणि चार्जर बंद करायला विसरलात, तर बॅटरी इन्व्हर्टरला वीज देते, इन्व्हर्टर चार्जरला, आणि चार्जर पुन्हा बॅटरीला. प्रत्येक फेरीत थोडी वीज उष्णता होऊन जाते. चार्जरचा दिवा हिरवा दिसतो आणि बॅटरी उतरत जाते. इन्व्हर्टरवर असताना चार्जर, बॉयलर आणि फ्रिजची वीज हे तिन्ही खटके बंद, हा नियम लिहून ठेवा.

५. खांबाला जोडताना

घाईत सगळ्यांत जास्त चुका इथे होतात, म्हणून क्रम सांगतो.

आधी खांबावरचा एमसीबी बंद करा. पॉइंटच्या आत टॉर्च मारून बघा. पिनांच्या भोकांभोवती प्लॅस्टिक पिवळं-तपकिरी पडलेलं असेल किंवा जळका वास येत असेल, तर तो पॉइंट वापरू नका, दुसरी जागा मागा. मग सॉकेट टेस्टर लावून एमसीबी वर करा आणि फेज-न्यूट्रल उलटे नाहीत ना, अर्थिंग आहे ना ते पाहा. व्होल्टेज मोजा. २३०च्या जागी २०७ किंवा १२०च्या जागी १०८च्या खाली असेल तर एसी आणि कॉम्प्रेसरचा फ्रिज चालवू नका, मोटरी तापतात. हीटरला तसा धोका नाही, तो फक्त मलूल होतो. १० टक्के व्होल्टेज कमी झालं की उष्णता १९ टक्के कमी. 'हीटर बिघडलाय वाटतं' म्हणून मी एकदा नवा आणायला निघालो होतो. हीटर ठणठणीत होता, खांबावरच व्होल्टेज पडलेलं होतं.

सगळं ठीक असेल तर एमसीबी पुन्हा खाली करा, केबल आधी गाडीला जोडा, मग खांबाला, आणि मग एमसीबी वर.

केबल जाड हवी: १६ अँपिअरसाठी २.५ चौरस मिलिमीटर, १२० व्होल्टच्या ३० अँपिअरसाठी १० गेज. आणि ती पूर्ण उलगडा. पंचवीस मीटरपैकी पाचच लागले म्हणून उरलेली ड्रमवर गुंडाळलेली ठेवली, तर आतल्या वेढ्यांची उष्णता बाहेर पडत नाही आणि वायरवरचं आवरण वितळून वेढे एकमेकांना चिकटतात. ड्रमवर दोन आकडे छापलेले असतात, उलगडलेल्या केबलचा आणि गुंडाळलेल्या केबलचा. ते एकदा वाचून बघा, दुसरा किती लहान असतो ते कळेल. उरलेली केबल गाडीखाली सैल नागमोडी पसरून ठेवा.

हीटर लावून अर्धा तास झाला की बाहेर जाऊन प्लगला हात लावा. कोमट चालेल. हात ठेववत नसेल इतका गरम असेल तर कुठेतरी पिन सैल आहे. माझ्या जुन्या प्लगची एक पिन अशीच आधी निळसर झाली, मग काळी पडली, आणि तिच्याभोवतीचं प्लॅस्टिक फुगून फुटाण्यासारखं तडकलं. तरी एमसीबी एकदाही पडला नाही, कारण करंट मर्यादेतच होता. सैल पिनेतून मर्यादेतला करंटसुद्धा जाळ करतो, आणि ते एमसीबीला दिसत नाही.

गाडीच्या धातूच्या दाराला किंवा पायरीला हात लावल्यावर मुंग्या आल्यासारखं झालं, तर 'थोडासाच झटका आहे' म्हणत बसू नका. गाडीच्या पत्र्यात वीज उतरली आहे. गाडीला पुन्हा हात न लावता खांबावरचा एमसीबी पाडा, केबल काढा, आणि कारण सापडेपर्यंत जोडू नका. ओल्या गवतात अनवाणी उभ्या माणसाला तेवढी वीज पुरते.

६. बॅटरीवर असताना

१०० अँपिअर-तासांची १२ व्होल्टची (नेमकं सांगायचं तर १२.८) लिथियम बॅटरी म्हणजे १२८० वॅट-तास, जेमतेम सव्वा युनिट. तेवढ्याच आकड्याची लेड-अॅसिड बॅटरी निम्म्याच्या खाली उतरवली तर लवकर मरते, म्हणून तिच्यातले वापरायचे फक्त ६०० वॅट-तास.

आता या टाकीवर १५०० वॅटचा हीटर लावून बघू. इन्व्हर्टरमध्ये दहा-बारा टक्के वाया जातात, म्हणजे बॅटरीतून १७०० वॅट निघतात. १२ व्होल्टवर याचा अर्थ १३० अँपिअरच्या वर करंट, आणि तो वाहून न्यायला बोटाएवढी जाड केबल. लिथियम बॅटरी पाऊण तासात रिकामी. लेड-अॅसिड वीस मिनिटंही नाही, कारण इतक्या जोरात ओढल्यावर ती छापील क्षमतेइतकी वीज देतच नाही. 'मोठा इन्व्हर्टर घेतला की रात्रभर हीटर चालेल ना?' हे मला वारंवार विचारतात. इन्व्हर्टर मोठा घेतला म्हणजे तोटी मोठी केली. टाकी तेवढीच राहिली.

बॅटरीवर काय परवडतं? दिवे, पाण्याचा पंप, फोन, लॅपटॉप, १२ व्होल्टचा कॉम्प्रेसर फ्रिज. हा फ्रिज चालताना ४५ ते ६० वॅट घेतो आणि मधून मधून थांबतो. केटल किंवा मायक्रोवेव्ह दोन-चार मिनिटं चालवता येतात, इन्व्हर्टर पेलत असेल तर. खर्च आहे, पण थोडक्यात आटपतो. गॅस-विजेचा फ्रिज मात्र उभ्या गाडीत १२ व्होल्टवर कधीच ठेवू नका. तो १० अँपिअरच्या आसपास सतत ओढतो, तो खटका फक्त गाडी धावत असतानासाठी आहे. थांबलात की गॅसवर.

काम झालं की इन्व्हर्टरही बंद करा. रिकामा चालू राहिला तरी १०-३० वॅट खातो, म्हणजे रात्रभरात एखाद्या लॅपटॉपचं पोट भरेल एवढं.

लिथियम बॅटरीची एक अट थंडीत जाचते. तिचं तापमान शून्य अंशांच्या खाली असताना ती चार्ज करता येत नाही, केली तर आतून कायमची खराब होते. चांगल्या बॅटरीत बसवलेलं संरक्षण चार्जिंग थांबवतं. मग सकाळी ऊन आहे, सोलर पॅनेल चमकतंय आणि बॅटरी मात्र काही घेत नाही असं दिसतं. बॅटरी गाडीच्या आत, बाकाखाली ठेवा. बाहेरच्या डब्यात नको.

७. ऊब विजेतून की इंधनातून?

एकच तुलना करतो. १ किलो गॅसमध्ये जवळपास १३ युनिट उष्णता असते, १ लिटर डिझेलमध्ये १० युनिट. तुमच्या १०० अँपिअर-तासांच्या लिथियम बॅटरीत सव्वा. एक किलो गॅस म्हणजे अशा दहा बॅटऱ्या! म्हणून रानात असताना ऊब इंधनातून घ्यायची आणि वीज फक्त तो हीटर चालवण्यापुरती ठेवायची. यावर दुसरं उत्तर मला आजवर सापडलेलं नाही.

खांबावर असताना बेत वेगळा. हीटर खालच्या खटक्यावर, ७५० किंवा १००० वॅटवर, सतत चालू ठेवा, आणि कडाक्याच्या वेळी गॅसच्या किंवा डिझेलच्या हीटरची जोड द्या. २००० वॅटवर चालू-बंद करण्यापेक्षा हे बरं. तोटीत केटलपुरती जागा कायम शिल्लक राहते.

पण एक सापळा आहे आणि तो महागात पडतो. बऱ्याच मोटरहोममध्ये गॅस हीटरची गरम हवा गाडीच्या तळाशी असलेल्या पाण्याच्या टाक्या आणि पाइपांपर्यंत नेलेली असते. आत विजेचा हीटर लावून तुम्ही ऊबदार झोपता, थर्मोस्टॅटला वाटतं सगळं छान आहे, गॅस हीटर सुरूच होत नाही, आणि खाली पाइप गोठून फुटतात. बाहेर शून्याच्या खाली जाणार असेल तर गॅस हीटर अधूनमधून चालेल असंच तापमान लावा, आणि विजेचा हीटर थर्मोस्टॅटच्या तोंडावर ठेवू नका.

८. गॅस आणि डिझेल हीटरच्या खोडी

गॅस हीटर गॅसवर चालतो खरा, पण त्याचा पंखा १२ व्होल्टवर असतो. मोठ्या गाड्यांतला पंखा ८ अँपिअरच्या आसपास घेतो. दहा तासांच्या रात्रीत निम्मा वेळ चालला तरी ४० अँपिअर-तास गेले, म्हणजे लेड-अॅसिड बॅटरीचा वापरायचा वाटा जवळजवळ संपला. पहाटे चारला पंख्याचा आवाज घरघरत खाली येतो. हवेचा जोर कमी पडला की आतला सुरक्षेचा स्विच लागत नाही आणि ज्योत पेटतच नाही. सिलिंडर भरलेला, गाडी बर्फासारखी. अशा वेळी सिलिंडर हलवत बसू नका, बॅटरीचं व्होल्टेज बघा.

सिलिंडरमध्ये ब्यूटेन असेल तर आणखी एक भानगड. ब्यूटेन शून्य अंशांच्या आसपास वायू व्हायचं थांबतो. प्रोपेन उणे ४२ अंशांपर्यंत होत राहतो. हिवाळ्यात प्रोपेनच भरून घ्या. मिश्रण असेल तर थंडीत आधी प्रोपेन निघून जातो आणि उरलेला ब्यूटेन तळाशी डुचमळत राहतो: वजन आहे, गॅस नाही.

डिझेल हीटर विजेच्या बाबतीत गुणी. पेटताना पहिली काही मिनिटं ८-१० अँपिअर घेतो, कारण आत ग्लो प्लग (इंधन पेटवणारी कांडी) तापवायचा असतो. मग १०-३० वॅटवर येतो. त्यामुळे तो वारंवार चालू-बंद करण्यापेक्षा मंद आचेवर चालू ठेवलेला परवडतो. अर्थात कायम मंद ठेवला तर आत काजळी धरते, म्हणून दिवसातून एकदा पंधरा-वीस मिनिटं मोठा करावा. बंद करताना त्याच्याच बटणानं करा. बटण दाबल्यावर काही मिनिटं तो पंखा चालवून स्वतःला गार करत असतो. तेवढ्यात मेन स्विच ओढला तर आतली उष्णता आतच राहते आणि हीटर बिघडतो.

९. ऊब टिकवा, ओल घालवा

चालकाच्या केबिनच्या काचांतून सगळ्यांत जास्त ऊब जाते. त्यांना जाड, आतून लावायचे पडदे किंवा परावर्तक पट्ट्या बसवा. एका हीटरएवढा फरक पडतो, असं माझं मत.

गाडी तापवण्यापेक्षा माणूस तापवणं स्वस्त. १२ व्होल्टची गरम होणारी चादर ४०-६० वॅट घेते. रबरी पिशवीत दीड लिटर गरम पाणी भरून पायाशी घेतलं की ती रात्रभरात ७० वॅट-तासांच्या आसपास ऊब देते. आणि पाणी गॅसवर तापवलं असेल तर बॅटरीतून शून्य.

ओलीचं मात्र कुणी आधी सांगत नाही. १ किलो गॅस जळला की दीड किलोहून जास्त पाणी वाफ होऊन बाहेर पडतं. धुराडं असलेल्या हीटरमधून ते बाहेर जातं, उघड्या शेगडीचं सगळं आतच राहतं. त्यात श्वास, ओले कपडे, भाताची वाफ. सकाळी काचांवरून ओघळ, आणि महिन्याभरात गादीखाली बुरशी. छतावरची खिडकी बोटभर उघडी ठेवा. ऊब जाते, जाऊ द्या.

१०. इथे काटकसर नको

शेगडी पेटवून गाडी ऊबदार करू नका. बंद जागेत हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि झोपलेला माणूस जागा होत नाही. गाडीत जमिनीलगत आणि वर दिलेले कायमचे झरोके थंडी येते म्हणून कापड कोंबून बंद करू नका.

कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म झोपण्याच्या जागेजवळ लावा. गॅसगळतीचा अलार्म वेगळा आणि तो जमिनीलगत, कारण हा गॅस हवेहून जड असतो आणि खाली साचतो. दोन्हींच्या पाठीमागे मुदत छापलेली असते. बटण दाबल्यावर आवाज आला म्हणजे सेन्सर जिवंत आहे असं नाही, मुदत संपली की बदला. हीटरचं धुराडं बर्फानं किंवा शेजारच्या तंबूनं झाकलेलं नाही ना, हे रोज झोपण्याआधी बघा. इंधन भरायला पंपावर शिरण्याआधी हीटर, बॉयलर आणि गॅसवरचा फ्रिज सगळं विझवा. फ्रिजच्या मागे ज्योत असते हे लोक विसरतात.

११. जवळ काय असावं

अवजारं: सॉकेट टेस्टर, वॅट-मीटर, मल्टिमीटर, सर्ज प्रोटेक्टर, खांबांच्या प्रकारांप्रमाणे अडॅप्टर, पुरेशी जाड केबल, जास्तीचे फ्यूज, डोक्याला बांधायचा टॉर्च (दातांत धरायचा नको), अग्निशामक. बॅटरीला शंटवाला मॉनिटर (आत-बाहेर गेलेली वीज मोजणारा) लावून घ्या. नुसत्या व्होल्टेजवरून लिथियम बॅटरीत किती उरलंय ते कळत नाही, शेवटपर्यंत ती भरलेलीच दिसते.

कागद: गाडीचं मॅन्युअल आणि वायरिंगचा नकाशा, गॅस जोडणीच्या तपासणीचा दाखला आणि त्याची तारीख, बॅटरी, इन्व्हर्टर व हीटर यांची माहितीपत्रकं. जुनी गाडी घेत असाल तर आधीच्या मालकानं स्वतः काय काय जोडलं ते त्याच्याकडून लिहूनच घ्या. बॅटरीपासून निघणाऱ्या प्रत्येक जाड वायरला बॅटरीजवळच फ्यूज आहे ना, ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा. माझ्या गाडीत एकीला नव्हता.

१२. संध्याकाळ आणि सकाळ

खांबावर असताना आमचा क्रम ठरलेला आहे. पोचल्यावर पहिला तास फक्त चार्जर आणि फ्रिज. मग बॉयलर लावतो, पाणी तापलं की बॉयलर बंद आणि हीटर खालच्या खटक्यावर. स्वयंपाक गॅसवर. मायक्रोवेव्ह, केटल किंवा हेअर ड्रायर यांपैकी एका वेळी एकच, आणि लावणाऱ्यानं आधी मोठ्यानं सांगायचं: "केटल लावतोय!" पाहुण्यांना हसू येतं. पण ६ अँपिअरच्या खांबावर हीटरही त्या वेळी बंद करावा लागतो, आणि ते कुणीतरी सांगितल्याशिवाय होत नाही.

सकाळी निघताना उलट: आधी आतली सगळी उपकरणं बंद, मग खांबावरचा एमसीबी खाली, मग केबल खांबाकडून काढायची, शेवटी गाडीकडून. गुंडाळता गुंडाळता दोन्ही प्लगांच्या पिना बोटांनी चाचपून बघा. एखादी काळवंडलेली किंवा सैल लागली, तर पुढच्या मुक्कामाआधी प्लग बदला.